शब्द, शस्त्र आणि स्वामित्व : लष्करी धाटणीच्या रायफलींविषयीच्या बदलत्या कायद्यांची चिकित्सा

सारांश

लष्करी रायफलींच्या धर्तीवर बनविलेल्या अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकांच्या हाती असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न गेल्या चार दशकांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंड या देशांत वारंवार उपस्थित झाला आहे. या चारही देशांत कायदे बदलले. परंतु त्या बदलांचा नागरी स्वामित्वावर झालेला परिणाम मात्र सारखा नाही. काही ठिकाणी या रायफली समाजातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडल्या, तर काही ठिकाणी बंदीच्या काळानंतर त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. शस्त्राची व्याख्या, आधीच घरोघरी असलेली शस्त्रे आणि शस्त्रांची नोंदणी या तीन बाबींविषयी कायदा काय ठरवितो, यावर हा परिणाम अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अर्धस्वयंचलित रायफल, व्याख्या, पूर्वस्वामित्वाची सूट, पुनर्खरेदी, नोंदणी

१. प्रस्तावना

कोणताही कायदा ही प्रथमतः एक संहिता असते. साहित्याचा अभ्यासक ज्याप्रमाणे संहितेतील शब्दांची निवड, त्यांतील मौन आणि त्यांतील विसंगती तपासतो, त्याचप्रमाणे कायद्याच्या संहितेचीही चिकित्सा करता येते. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. साहित्यकृतीतील संदिग्धता अर्थाची समृद्धी वाढविते. कायद्यातील संदिग्धता पळवाट निर्माण करते. शस्त्रविषयक कायद्याच्या बाबतीत या पळवाटेची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. त्यामुळे असा कायदा केवळ आहे किंवा नाही एवढे पाहून चालत नाही. तो कोणत्या शब्दांत लिहिला गेला आहे, हेही पाहावे लागते.

बंदूक-नियंत्रणाविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा 'बंदी हवी' आणि 'बंदी नको' अशा दोन टोकांमध्ये होत असते. बंदीचे समर्थक कायदा संमत झाल्यावर समाधान मानतात आणि विरोधक त्यास स्वातंत्र्यावरील घाला समजतात. परंतु कायदा संमत झाल्यानंतर प्रत्यक्षात किती रायफली किती घरांत राहिल्या, हा साधा प्रश्न या दोन्ही पक्षांकडून पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवून चार देशांतील कायद्यांचा तौलनिक विचार केला आहे. गुन्ह्यांच्या प्रमाणावर या कायद्यांचा काय परिणाम झाला हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असून त्याचा येथे आवश्यक तेवढाच उल्लेख केला आहे.

२. संज्ञेचा प्रश्न

विषयाच्या आकलनासाठी प्रथम यंत्ररचनेतील एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वयंचलित शस्त्रात चाप दाबून धरल्यास काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. अर्धस्वयंचलित शस्त्रात प्रत्येक गोळीसाठी चाप स्वतंत्रपणे ओढावा लागतो; मात्र गोळी सुटताच पुढील काडतूस आपोआप नळीत चढते. आर्मालाइट या कंपनीने विकसित केलेल्या एआर-१५ या रायफलीचे हक्क १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने घेतले. तिचेच स्वयंचलित रूप एम-१६ या नावाने अमेरिकी सैन्यात गेले आणि १९६४ पासून अर्धस्वयंचलित रूप नागरिकांसाठी विक्रीस आले. बाह्य रूप, वजन, काडतूस आणि मॅगझिन यांबाबत दोहोंत विलक्षण साम्य आहे. भेद आहे तो चापाच्या यंत्रणेत.

'लष्करी धाटणीची' या विशेषणात जी अडचण दडलेली आहे ती नेमकी येथेच. 'धाटणी' हा शब्द रूपाचा निर्देश करतो, शक्तीचा नव्हे. शिकारीसाठी विकली जाणारी, लाकडी दस्त्याची एखादी अर्धस्वयंचलित रायफल तितक्याच वेगाने गोळ्या झाडू शकते. पण ती पाहणाऱ्यास सैनिकाची आठवण होत नाही. अमेरिकेत बंदीचे समर्थक या शस्त्रांना 'असॉल्ट वेपन', म्हणजे हल्ल्याचे शस्त्र म्हणतात. तेथील शस्त्रउद्योगाच्या संघटनेने २००९ पासून त्यांच्यासाठी 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल', म्हणजे आधुनिक क्रीडा-रायफल हे नाव रूढ करण्याचा प्रयत्न केला. वस्तू एकच, एका नावात आक्रमण आहे, तर दुसऱ्यात विरंगुळा. या दोन्ही नावांतून वस्तूच्या गुणधर्मापेक्षा बोलणाऱ्याची भूमिकाच अधिक व्यक्त होते.

भारतीय वाचकास या प्रश्नाचे एक परिचित उदाहरण देता येईल. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियम यांनी 'प्रतिबंधित बोअर' ही कोटी निर्माण केली. सैन्याच्या वापरातील .३०३ हे काडतूस सामान्य परवानाधारकास निषिद्ध ठरले. परिणामी सरकारी आयुध निर्माणींनी नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल बनविली. तिची यंत्रणा त्याच जुन्या ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीची आहे. म्हणजे कायद्याने काडतुसाचे माप निषिद्ध केले आणि बंदूक त्या मापाबाहेर पडून कायदेशीर झाली. यातील हेतू समजण्याजोगा होता. लष्करी दारूगोळा नागरी हातांत जाऊ नये एवढाच तो होता. पण कायदा जे शब्दात पकडतो तेवढेच नियंत्रित होते आणि उरलेले नवे रूप घेते, हे तत्त्व या उदाहरणातून स्पष्ट होते.

३. अमेरिका : रूपावरील बंदी आणि तिची फलश्रुती

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील प्राथमिक शाळेच्या मैदानावर झालेल्या गोळीबारात पाच मुले मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा शस्त्रांवर निर्बंध घालणारा अमेरिकेतील पहिला राज्य कायदा केला, तर केंद्र शासनाने ४३ प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफलींची आयात थांबविली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा मुख्य भर शस्त्रांच्या नावांच्या यादीवर होता. यादीतील शस्त्र थोड्याफार बदलाने दुसऱ्या नावाने बाजारात आणणे उत्पादकांना अवघड नव्हते. म्हणून १९९९ मध्ये नावांच्या जोडीला वैशिष्ट्यांची कसोटी आली आणि काढता येणारे मॅगझिन ही त्यातील कळीची अट ठरली. यावरही तोड निघाली. मॅगझिन काढण्यासाठी एखादे साधन लागत असेल तर ते 'काढता येणारे' नव्हे, असा नियमाचा अर्थ होता आणि काडतुसाच्या टोकालाही साधन मानले गेले होते. त्यामुळे काडतुसाच्या टोकाने दाबायची कळ बसविलेल्या रायफली राज्यात कायदेशीरपणे विकल्या गेल्या. डिसेंबर २०१५ मधील सॅन बर्नार्डिनो येथील हत्याकांडानंतर, २०१६ मध्ये ही पळवाट बंद करण्यात आली. कायदा आणि वस्तू यांचा हा पाठशिवणीचा खेळ अशा रीतीने सुमारे पाव शतक चालला.

केंद्रीय पातळीवरील बंदी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अस्तित्वात आली. तत्पूर्वी प्रतिनिधिगृहात या बंदीचे विधेयक २१६ विरुद्ध २१४ अशा निसटत्या बहुमताने संमत झाले होते. या कायद्याने १९ शस्त्रे नावानिशी निषिद्ध केली. रायफलींच्या बाबतीत काढता येणाऱ्या मॅगझिनसह पिस्तुलासारखी मूठ, दुमडता येणारा दस्ता, संगीन बसविण्याची सोय, नळीच्या तोंडाशी ज्वाळा लपविणारे उपकरण आणि ग्रेनेड फेकण्याची जोडणी यांपैकी दोन वैशिष्ट्ये असल्यास ती रायफल निषिद्ध ठरे. दहापेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझिनांवरही बंदी आली.

ही यादी लक्षपूर्वक वाचली असता ती एखाद्या छायाचित्रावरून तयार केल्यासारखी वाटते. संगिनीने झालेल्या हत्यांमुळे अमेरिकी समाज हादरला होता असे नाही. संगीन ही सैनिकाची खूण होती एवढेच. साहजिकच उत्पादकांनी संगिनीची खाच आणि ज्वाळारोधक काढून टाकले आणि त्याच यंत्रणेच्या रायफली नव्या नावांनी विकल्या. टेक-९ या पिस्तुलाच्या नव्या आवृत्तीस उत्पादकाने 'एबी-१०' हे नाव दिले. त्यातील 'एबी' ही अक्षरे 'आफ्टर बॅन', म्हणजे 'बंदीनंतर' या शब्दांची आद्याक्षरे होत. कायद्याचा इतका उघड उपहास क्वचितच एखाद्या वस्तूच्या नावात कोरला गेला असेल.

परंतु व्याख्येपेक्षाही मोठा दोष दुसऱ्या तरतुदीत होता. कायदा लागू होण्यापूर्वी बनलेली सर्व शस्त्रे आणि मॅगझिने कायदेशीर राहिली. ती बाळगण्यास आणि विकण्यासही मुभा होती. १९९४ मध्ये अशी सुमारे १५ लाख शस्त्रे नागरिकांकडे असल्याचा अंदाज होता. या कायद्याचे मूल्यमापन करणारे अभ्यासक क्रिस्टोफर कोपर यांनी २००४ च्या आपल्या अहवालात या सवलतीकडे, विशेषतः मोठ्या मॅगझिनांच्या प्रचंड साठ्याकडे लक्ष वेधले आणि गुन्ह्यांवरील परिणाम विश्वासार्हपणे मोजता येण्याइतका मोठा नसावा, असे सावध मत नोंदविले. तिसरा दोष मुदतीचा. कायद्याचे आयुष्य दहाच वर्षांचे ठरले होते आणि १३ सप्टेंबर २००४ रोजी तो आपोआप संपला. अर्थात कायद्याने जुना साठा राखला, नव्या वस्तूस पर्यायी रूप दिले आणि मागणीस दहा वर्षांची प्रतीक्षा करावयास लावली.

याच देशात दुसऱ्या प्रकारचा कायदाही अस्तित्वात आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. १९३४ च्या कायद्याने मशीनगनवर २०० डॉलरचा कर आणि केंद्रीय नोंदणी लादली. १९८६ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १९ मे नंतर बनलेल्या मशीनगन नागरिकांना विकण्यास मनाई केली. येथेही जुन्या मालकांना सूट होती. परंतु ते प्रत्येक शस्त्र आधीपासून नोंदलेले होते आणि व्याख्या यंत्रणेची होती, रूपाची नव्हती. परिणामी नागरिकांकडील कायदेशीर मशीनगनचा साठा तेथेच गोठला आणि त्यांची किंमत हजारो डॉलरांवर गेली. एकाच देशातील, एकाच संस्कृतीतील हे दोन कायदे शेजारी ठेवले असता 'अमेरिकी समाजात बंदूक-नियंत्रण शक्यच नाही' हे सरधोपट विधान टिकत नाही.

४. संख्येतून निर्माण होणारा हक्क

२००४ नंतर या रायफलींचे उत्पादन झपाट्याने वाढले. कोल्टची मूळ एकस्वे १९७७ मध्येच संपलेली असल्याने अनेक उत्पादक या क्षेत्रात उतरले होते. उद्योगाच्याच २०२२ मधील अंदाजानुसार १९९० पासून अमेरिकी बाजारात आलेल्या अशा रायफलींची संख्या दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक झाली होती. १९९४ मधील सुमारे १५ लाखांच्या आकड्यात काही पिस्तुले आणि छर्‍यांच्या बंदुकाही धरलेल्या असल्याने दोन्ही आकड्यांच्या मोजणीची रीत सारखी नाही. तरीही वाढीचे स्वरूप त्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

विशेष म्हणजे कायद्याची नुसती चर्चाही मालकी वाढविते. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. त्या महिन्यात शस्त्रखरेदीपूर्वीच्या केंद्रीय पार्श्वभूमी-तपासण्यांची संख्या सुमारे २७ लाख ८० हजारांवर गेली, जो तोवरचा उच्चांक होता. तपासणी म्हणजे प्रत्यक्ष विक्री नव्हे हे खरे. पण बंदी येईल या धास्तीने दुकानांपुढे गर्दी झाली हे त्या काळातील वृत्तांवरून सर्वश्रुत आहे. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटने केंद्रीय बंदीचा प्रस्ताव ४० विरुद्ध ६० मतांनी फेटाळला. बंदी आली नाही, पण तिच्या भीतीने घेतलेल्या रायफली मात्र घरांत राहिल्या. सँडी हुक येथे वापरलेली रायफल कनेक्टिकटच्या १९९३ च्या बंदीनंतरही राज्यात कायदेशीर होती, ही बाबही रूपाधिष्ठित व्याख्येची मर्यादा दाखविते.

या वाढीव संख्येस पुढे घटनात्मक अर्थ प्राप्त झाला. २००८ च्या हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तिगत मानला आणि जी शस्त्रे 'सर्वसाधारण वापरात' आहेत त्यांना संरक्षण मिळते, अशी कसोटी पुढे आणली. २०२२ च्या ब्रुएन निर्णयाने शस्त्रनिर्बंधांना ऐतिहासिक परंपरेचा आधार दाखविण्याचे बंधन शासनावर घातले. त्यामुळे राज्यांच्या बंदीला आव्हान देणारे पक्षकार असा युक्तिवाद करतात की, ज्या रायफली कोट्यवधी लोकांकडे आहेत त्या सर्वसाधारण वापरात आहेत आणि म्हणून त्यांवर बंदी घालता येणार नाही. या युक्तिवादातील चक्राकार तर्क २०१५ मध्ये सातव्या परिमंडल अपील न्यायालयाने हायलंड पार्क या शहराच्या बंदीविषयी निर्णय देताना दाखवून दिला होता. शस्त्र सर्वत्र पसरले की नाही हे मुळात कायदा काय होता यावर अवलंबून असते. मग त्या प्रसारावरूनच कायद्याची वैधता कशी ठरविणार? मेरीलँड राज्याच्या बंदीविरुद्धचे प्रकरण ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी नकार दिला. मात्र हा प्रश्न लवकरच हाताळावा लागेल, असे मत न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी त्या वेळी स्वतंत्रपणे नोंदविले.

या सर्व घडामोडींतून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. सदोष कायदा केवळ निष्फळ ठरून थांबत नाही. तो लागू असताना आणि संपल्यानंतर वाढलेली मालकी ही पुढील, अधिक विचारपूर्वक केलेल्या कायद्याच्या विरोधातील पुरावा बनते. न्यूयॉर्क राज्याने २०१३ च्या कायद्यान्वये जुन्या रायफलींची नोंदणी सक्तीची केली. २०१५ मध्ये उघड झालेल्या आकडेवारीनुसार सुमारे ४४ हजार शस्त्रांचीच नोंद झाली होती. राज्यातील अशा रायफलींविषयीच्या प्रचलित अंदाजांच्या मानाने ही संख्या फारच अल्प होती. शस्त्र आधी पसरू द्यायचे आणि मग त्याची मोजदाद मागायची, हा क्रम बहुधा फलदायी होत नाही.

५. ऑस्ट्रेलिया : मालकीला हात घालणारा कायदा

२८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर या पर्यटनस्थळी ३५ जणांची हत्या झाली. त्यात एआर-१५ आणि एसएलआर या लष्करी कुळातील रायफली वापरल्या गेल्या होत्या. अवघ्या बारा दिवसांनी, १० मे १९९६ रोजी, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या पुढाकाराने केंद्र आणि सर्व राज्ये यांनी राष्ट्रीय शस्त्रकरार मान्य केला. हॉवर्ड हे उजव्या आघाडीचे नेते होते आणि ग्रामीण बंदूकधारक हा त्या आघाडीचाच मतदार होता, ही बाब येथे विसरता येत नाही.

या कराराची संहिता अमेरिकी कायद्याच्या अगदी उलट घडणीची आहे. तिने मूठ किंवा संगीन यांची यादी केली नाही. अर्धस्वयंचलित रायफली, तसेच अर्धस्वयंचलित आणि पंप पद्धतीच्या छर्‍यांच्या बंदुका या यंत्रणांनाच तिने सर्वसामान्य मालकीतून वगळले. जुन्या मालकांना सूट देण्याऐवजी शस्त्रे विकत घेतली. त्यासाठी आरोग्यसेवेच्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्यांची वाढ करून निधी उभारला गेला. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार केंद्राने मालमत्ता घेतल्यास न्याय्य मोबदला द्यावा लागतो. हे बंधन येथे कायद्याच्या आड आले नाही, उलट त्यामुळे त्याला प्रतिष्ठा मिळाली. सुमारे साडेसहा लाख शस्त्रे शासनाकडे जमा होऊन नष्ट झाली. यासोबतच सर्व लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी आणि मालकीसाठी खरे कारण दाखविण्याची अट आली. स्वसंरक्षण हे असे कारण मानले गेले नाही.

तथापि या यशाचे भाबडे चित्र रंगविणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य होणार नाही. ऑस्ट्रेलियातील बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १९९६ पूर्वीपासूनच उतरत होते. त्यामुळे घटीचे किती श्रेय कराराला द्यावे याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. बाजारानेही नव्या वाटा शोधल्या. सात काडतुसांच्या एका लीव्हर पद्धतीच्या बंदुकीच्या आयातीवरून २०१५-१६ मध्ये मोठा वाद झाला आणि तिला अधिक कडक वर्गात टाकावे लागले. एकूण नोंदणीकृत शस्त्रांची संख्याही कालांतराने १९९६ च्या पातळीपलीकडे गेली. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बॉन्डी किनाऱ्यावर १५ जणांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोरांपैकी एक जण रीतसर परवानाधारक होता. शस्त्राचा प्रकार नियंत्रित झाला तरी एका व्यक्तीकडे किती शस्त्रे असावीत आणि परवान्याची फेरतपासणी कशी व्हावी, हे प्रश्न या घटनेने पुन्हा पुढे आणले. मात्र लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफली सामान्य मालकीतून गेल्या आणि त्यांना परतीची वाट मिळाली नाही, एवढे १९९६ च्या कराराचे फलित निर्विवाद आहे.

६. न्यूझीलंड आणि कॅनडा : नोंद नसलेल्या शस्त्रांचा पेच

न्यूझीलंडचे उदाहरण आपल्या विषयाशी सर्वांत थेट जोडलेले आहे, कारण तेथील कायद्याने 'लष्करी धाटणीचे अर्धस्वयंचलित शस्त्र' ही संज्ञाच स्वीकारली होती. नोव्हेंबर १९९० मध्ये आरामोआना या लहानशा गावात १३ जणांची हत्या झाल्यानंतर १९९२ च्या दुरुस्तीने ही कोटी निर्माण केली. मॅगझिनची क्षमता, दुमडता येणारा दस्ता, संगिनीची सोय यांसारख्या वैशिष्ट्यांवर ती आधारलेली होती. अशा शस्त्रासाठी विशेष मान्यता लागे. परंतु तीच रायफल लहान मॅगझिनसह साध्या परवान्यावर घेता येई आणि मोठे मॅगझिन विकत घेण्यासाठी परवानाच लागत नसे. न्यायमूर्ती थॉमस थॉर्प यांनी १९९७ च्या आपल्या अहवालात नोंदणी आणि कडक निर्बंध यांची शिफारस केली होती. तिची मूलभूत अंमलबजावणी झाली नाही. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत ५१ जणांचे प्राण घेणाऱ्याने हीच पळवाट वापरली. मृतांमध्ये भारतीय वंशाचे नागरिकही होते. कायद्याच्या एका व्याख्येतील फट आणि तिच्यावर बोट ठेवणारा दुर्लक्षित अहवाल यांची ही किंमत होती.

त्यानंतर पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांच्या शासनाने विलक्षण वेगाने पावले उचलली. १० एप्रिल २०१९ रोजी संसदेने ११९ विरुद्ध १ मताने दुरुस्ती संमत केली. बहुतेक अर्धस्वयंचलित शस्त्रे, मॅगझिने आणि सुटे भागही निषिद्ध झाले आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे ५६ हजार शस्त्रे मोबदला देऊन परत घेण्यात आली. परंतु ५६ हजार म्हणजे एकूण किती पैकी? या प्रश्नास नेमके उत्तर नव्हते. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक शस्त्राची नोंद सोडून केवळ व्यक्तीस परवाना देण्याची पद्धत स्वीकारली होती. त्यामुळे निषिद्ध शस्त्रांविषयीचे अंदाज हजारांपासून लाखांपर्यंत पसरलेले होते. शस्त्रनोंदणीची व्यवस्था जून २०२३ मध्ये, म्हणजे पुनर्खरेदी आटोपल्यानंतर साडेतीन वर्षांनी सुरू झाली. छेद ठाऊक नसलेल्या अपूर्णांकाची किंमत सांगता येत नाही, तशीच ही स्थिती होय.

कॅनडातील घटनाक्रम याहून विसंगत आहे. ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांची हत्या झाली. त्या शोकातून १९९५ चा नोंदणी कायदा आला. वाढता खर्च आणि ग्रामीण भागाचा विरोध या कारणांनी २०१२ मध्ये सामान्य लांब बंदुकांची ही नोंदणी रद्द करून माहितीही नष्ट करण्याचे ठरले. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशिया येथे २२ जण मारले गेल्यावर १ मे २०२० रोजी शासनाने आदेश काढून सुमारे १५०० प्रकारची शस्त्रे नावानिशी निषिद्ध केली. मॉन्ट्रियलमध्ये वापरलेल्या मिनी-१४ रायफलीवरील बंदी या यादीतून, तीन दशकांनंतर आली. ती यादी पुढे वाढतच गेली आणि शस्त्रे परत घेण्याची व्यवस्था उभी राहण्यास विलंब झाल्याने मालकांना दिलेली अभयमुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. म्हणजे कागदावर निषिद्ध असलेली रायफल वर्षानुवर्षे मालकाच्याच कपाटात राहिली. जी माहिती आधी जमविली होती तीच पुसून टाकल्यावर तिची गरज भासावी, यापेक्षा धोरणात्मक अदूरदृष्टीचे ठळक उदाहरण देता येणार नाही.

७. आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन महत्त्वाचे आक्षेप संभवतात. पहिला असा की, या रायफलींचा गुन्ह्यांतील वाटा मुळातच कमी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय तपास विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ मधील १३,९२७ हत्यांपैकी ३६४ हत्यांत सर्व प्रकारच्या रायफली वापरल्याची नोंद आहे. बहुसंख्य हत्या पिस्तुलांनी होतात. काही प्रकरणांत बंदुकीचा प्रकार नोंदलेला नाही हे लक्षात घेऊनही हा आक्षेप तथ्यपूर्ण आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यावरून निघते ते इतकेच की, केवळ रायफलींवरील बंदी हा सर्व बंदूक-हिंसेवरील उपाय नव्हे. एका व्यक्तीने काही मिनिटांत डझनावारी माणसे मारावीत या विशिष्ट आपत्तीचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

दुसरा आक्षेप प्रामाणिक मालकावरील अन्यायाचा आहे. काल कायदेशीररीत्या, कर भरून घेतलेली वस्तू आज गुन्ह्याचे साधन ठरावी, हे कोणत्याही कायदाप्रेमी नागरिकास बोचणारे आहे. न्यूझीलंडमधील शेतकरी आणि शिकारी यांची तक्रार याच स्वरूपाची होती. ती रास्त मानूनच तिचे उत्तर शोधले पाहिजे आणि न्याय्य मोबदला हे ते उत्तर होय. मोबदल्याविना जप्ती ही अन्यायकारक ठरते, तर सरसकट सूट कायद्याचा हेतूच पोकळ करते.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा. लोक शस्त्रे लपवतील, नोंद करणार नाहीत. हे घडतेच, न्यूयॉर्कचा अनुभव तेच सांगतो. पण लपविलेले शस्त्र दुकानात विकता येत नाही, मैदानावर उघडपणे चालविता येत नाही. पूर्ण पालन होत नाही म्हणून कायदा नको, हा न्याय लावल्यास कोणताच कायदा उरणार नाही.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) रूपावर आधारलेली व्याख्या उत्पादकास नवे रूप घडविण्याचे निमंत्रण देते. यंत्रणा आणि मॅगझिनची क्षमता यांवर आधारलेली व्याख्या तुलनेने टिकाऊ ठरते.

२) पूर्वीच्या मालकांना दिलेली सरसकट सूट मालकी कमी करीत नाही. मोबदल्यासह पुनर्खरेदी केल्यास ती कमी होते.

३) नोंदणी ही बंदीची पूर्वअट आहे. बंदीनंतर सुरू केलेली नोंदणी आधीच्या शस्त्रांपर्यंत अपुरी पोहोचते.

४) तात्पुरता किंवा केवळ चर्चेत राहिलेला कायदा मालकी वाढवू शकतो आणि वाढलेली मालकी पुढे हक्काचे रूप धारण करते.

पाहिलेल्या बहुतेक कायद्यांचा जन्म एखाद्या हत्याकांडातून झाला आहे. शोकाच्या क्षणी लिहिली जाणारी संहिता साहजिकच त्या दिवशीच्या शस्त्राचे चित्र डोळ्यांसमोर ठेवते आणि म्हणूनच ती पुढच्या शस्त्रापुढे अपुरी पडते. भारतात हा प्रश्न आज या स्वरूपात उभा नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणताना अतिरिक्त शस्त्र एका वर्षाच्या आत जमा करण्यास सांगितले. आधीच्या मालकीलाही स्पर्श करणारी आणि परवान्यातील नोंदीवर विसंबणारी ही रचना, मोबदल्याचा अभाव वगळता, अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यापेक्षा अधिक परिपक्व आहे. शांततेच्या काळात, कोणत्याही शोकाचा दबाव नसताना, अशा तरतुदींची बारकाईने फेरतपासणी करीत राहणे हे विधिमंडळांचे काम आहे. थॉर्प यांचा अहवाल अशाच शांततेत लिहिला गेला होता. तो वाचला जाऊन कायद्यात उतरण्यास बावीस वर्षे आणि ५१ मृत्यू लागले.